पाचाच्या पुढचे गोल

मी आठ. होय, आकडाच. पत्र्याचा, हातभर उंच, पांढऱ्यावर काळा, वरच्या काठाला दोन भोकं. हॉकीच्या मैदानावर लाकडी स्कोअरबोर्ड असतो ना, त्यावर टांगायचा. आमच्या गावात माझं तोंड बघायला कुणी राजी नाही. मला बघून लोकांना शिसारी येते म्हणे. येऊ दे! मला त्यांची किती येते, ते आज सांगून टाकतो. बराच काळ पेटीत गप्प पडून होतो, आता गप्प बसवत नाही.

आधी जन्माचं सांगतो. आमच्या गावाचा मुलींचा हॉकी संघ आहे, तसाच पुलापलीकडच्या गावाचाही आहे. वर्षाला दोन सामने आमच्या मैदानावर होतात, दोन त्यांच्या. पूर्वी सामने अटीतटीचे व्हायचे. दोन-एक, एक-एक, फार तर तीन-दोन. मग पलीकडच्यांनी बारा महिने रोज सराव सुरू केला. आमच्याकडे सामन्याच्या आधी आठवडाभर मैदानाला चकरा मारतात आणि त्याला तयारी म्हणतात. मग जे व्हायचं तेच झालं.

तेव्हा बोर्डाच्या पेटीत शून्य ते पाच एवढेच आकडे होते. एका सामन्यात पलीकडच्यांनी सहावा गोल मारला आणि लावायला सहा मिळेना. पाच तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी गावात ज्याच्या त्याच्या तोंडी 'पाचने हरलो'. ते इतकं सोयीचं पडलं की पुढच्या वेळेपासून तीच पद्धत झाली. क्लबचे सेक्रेटरी तर छाती काढून सांगायचे, "त्यांनी कितीही मारू देत, आमचा बोर्ड पाचाला थांबतो."

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण लोकांनी त्याच्या पुढची मजल गाठली. बोर्डावर पाच लागला की सगळे उठायचे, आपापली बाकं उचलायची, गर्रकन फिरवायची आणि मैदानाकडे पाठ करून बसायचे. घरी मात्र कुणी जायचं नाही. घरी गेलं तर पळून गेल्यासारखं दिसतं ना! तिथेच बसून शेंगदाणे खायचे, टरफलं उडवायची, आणि मागे अकरा मुली घामाघूम होऊन खेळताहेत त्यांना शिव्या घालायच्या. वर याला नाव काय, तर 'निषेध'. अहो, असला कसला निषेध? 

शेवटी पलीकडच्यांनी हॉकी संघटनेकडे तक्रार केली. संघटनेचं पत्र आलं, नऊपर्यंतचे आकडे तयार ठेवा. ते काम पेंटरकाकांकडे आलं. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा, आणि मैदानावरचा बोर्डही तेच हौसेने सांभाळायचे. त्यांनी एका जुन्या पाटीचा पत्रा कापून सहा, सात, आठ, नऊ असे आम्हा चार भावांना बनवलं. ती पाटी 'शिलाई मशीन दुरुस्ती'ची होती. माझ्या पाठीवर अजून 'लाई मशी' एवढं वाचता येतं.

मी वाळत पडलो होतो तेव्हा त्यांची मुलगी आली. ती दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते, आणि आमच्या संघाची गोलकीपर तीच. कमरेवर हात ठेवून तिने मला न्याहाळलं.

"बाबा, आठ आणि नऊसुद्धा? एवढे गोल खाईन मी?"

"तू खाशील म्हणून नाही गं. खाल्लेस तर सांगता यावं म्हणून."

"मग रंग तरी जरा फिका द्यायचा. किती ठळक ते!"

"बोर्ड आहे बाई, चिठ्ठी नाही. लांबून दिसला पाहिजे."

ती हसली आणि जाता जाता मला टिचकी मारून गेली. त्या वेळी मला वाटलं, बरं घर मिळालं.

कसलं घर! सेक्रेटरी आले, चारही आकडे उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "झकास झालेत. आता पेटीत ठेवा, आणि बाहेर काढू नका." संघटनेचा माणूस एकदा येऊन पेटीत डोकावला, वहीत 'आहेत' असं लिहिलं आणि चहा पिऊन गेला. आम्ही चौघे पेटीच्या तळाशी, वर शून्य ते पाच. तिथून दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं.

आणि सगळ्यात जास्त ऐकू यायचा भोंगा. हा औषधांच्या दुकानाचा मालक. आवाज असा की त्याला खरा भोंगा लागतच नाही, म्हणून नाव भोंगा पडलं. एकदा आपण दुसऱ्या कुठल्याशा संघाशी एक-शून्यने जिंकलो, तेव्हा याने पेंटरकाकांच्या मुलीला 'भिंत' म्हणून डोक्यावर घेतलं. भिंत, भिंत म्हणून गाव दुमदुमवलं. पुढच्याच महिन्यात पुलापलीकडच्यांनी सहा-शून्यने हरवलं आणि त्याच तोंडाने तिचं नाव 'चाळण' ठेवलं. गावाने लगेच उचललं. दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढायला आलेला एक शहाणा तिला म्हणाला, "नीट काढा हं ताई, नाहीतर हाही हातातून सुटायचा." त्या दिवशी ती घरी येऊन जेवलीच नाही, असं काका बोर्ड पुसताना स्वतःशीच पुटपुटत होते.

या लोकांची कारणं ऐकून माझा पत्रा गंजायची वेळ आली. गवत ओलं होतं. पंच पलीकडच्यांच्या मावशीचा मुलगा. चेंडू जड होता. आणि दर वेळी भोंग्याचं ठरलेलं, "ऑफसाइड होता!" हॉकीतून ऑफसाइडचा नियम जाऊन जमाना लोटला, याच्या तोंडून काही जात नाही. पलीकडच्या मुली चांगल्या खेळल्या, एवढे तीन-चार शब्द बोलायला यांची जीभ झडते की काय कोण जाणे.

पुढचा सामना सात-एकने गेला. बोर्डावर पाच-एक. बाकं फिरली. मी पेटीत होतो, तरी काकांचा श्वास ऐकू येत होता. ते एकटे मैदानाकडे तोंड करून उभे होते आणि हळू आवाजात मोजत होते. गोल नव्हे. ती अडवत होती ते. "नऊ... दहा... अरे वा गं पोरी... अकरा." शेंगदाण्याच्या टरफलांचा आवाज त्यांच्या आवाजापेक्षा मोठा होता.

मग क्लबने ठराव केला. पुलापलीकडच्यांशी पुढच्या सामन्यात पाचाच्या वर गोल गेले, तर गोलकीपर बदलायची. सामन्याच्या आधी दोन दिवस सेक्रेटरी काकांच्या दुकानात आले आणि स्टुलावर टेकले. तेव्हा माझी भोकं मोठी करायला काकांनी मला तिथेच आणलं होतं.

"हे बघा पेंटर, मी तुमचा माणूस आहे," सेक्रेटरी म्हणाले. "समिती बोर्ड बघून ठरवते. बोर्डावर पाच, म्हणजे पाच. कळलं ना?"

"आणि सात-आठ गेले तर?"

"बोर्डावर पाच! अहो, हात तुमचा आहे. पोरगी पण तुमची आहे. मी काही बघितलं नाही, गावाने काही बघितलं नाही. गावाची तर तेव्हा पाठच असते."

ते गेल्यावर काका बराच वेळ हातातला ब्रश नुसताच धुवत बसले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मुलीचं हॉकीवर किती प्रेम आहे ते त्यांना माहीत होतं. नऊ वर्षांची असल्यापासून ती गोलमध्ये उभी राहतेय. तिला संघातून काढलं तर ती आतून मोडेल. आणि तिला वाचवायला फक्त काहीच करायचं नव्हतं. पेटी बंद ठेवायची, बस्स.

सामना रविवारी दुपारी झाला. अर्धा खेळ संपताना पाच-शून्य. बाकं फिरली, टरफलं उडायला लागली. तिसऱ्या भागात सहावा गोल गेला. काकांनी पेटीचं झाकण उघडलं, सहाला हात लावला आणि तसंच अर्धवट मिटलं, फटीतून मला बाहेरचं दिसायला लागलं. मग सातवा गेला. झाकण उघडलंच नाही. मला काकांचा राग आला. हो, आला! मी त्यांच्याच हातचा असलो म्हणून काय झालं? बापाच्या मायेपोटी का होईना, तेही त्या पाठमोऱ्या लोकांच्या रांगेत जाऊन बसत होते.

चौथा भाग सुरू व्हायला दोन मिनिटं होती. मैदानावरून जड पावलं आली. पायाला ते गाद्यांसारखे पॅड, काखेत हेल्मेट, आणि धाप लागलेली. ती गोल सोडून थेट बोर्डापाशी आली होती.

"बाबा, किती झाले?"

"पाच आहेत की बोर्डावर."

"बोर्डावर नाही विचारलं."

काकांनी पेटीच्या झाकणाकडे बघितलं. मग म्हणाले, "सात."

"मग लावा ना."

"लावले तर उद्या तू संघात नसशील. सेक्रेटरी स्वतः सांगून गेलेत मला."

"मला माहीत आहे. मलाही सांगून गेलेत." तिने हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतलं. "बाबा, सातही वेळा वाकून जाळीतून चेंडू मीच काढलाय. मला नका सांगू पाच. आणि पाचाला थांबलात तर हे लोक तिकडेच तोंड करून बसणार. मग मी जे अडवते ते कधी झालंच नाही. तुम्ही सोडून एकानेही बघितलं नाही, बाबा. एकानेही नाही."

शिट्टी वाजली. ती पळत गेली, म्हणजे त्या पॅडमध्ये जेवढं पळता येतं तेवढी. काकांनी झाकण उघडलं, पाच खाली काढला आणि सात लावला. पत्रा खिळ्यावर आपटला, खण्णकन. आणि तुम्हाला सांगतो, त्या आवाजाने जे कधी झालं नव्हतं ते झालं. माना वळल्या.

मग काय आरडाओरडा! "पेंटर, डोकं फिरलंय का?" "काढा तो सात!" सेक्रेटरी लांबून रुमाल हलवत होते. बाकं परत फिरवली गेली. खेळ बघायला कसली, काकांना नीट शिव्या देता याव्यात म्हणून! पण तोंडं मैदानाकडे झाली ती झालीच.

आणि समोर ती खेळत होती. पलीकडच्यांना लागोपाठ चार पेनल्टी कॉर्नर मिळाले. पहिला तिने पायाने अडवला, दुसरा छातीवर घेतला, तिसऱ्याला आडवी पडली, आणि चौथा पडल्या पडल्या स्टिकने बाहेर ढकलला. पेटीचं झाकण उघडं होतं, मी डोळे भरून बघत होतो. टरफलं उडायची थांबली. एका म्हाताऱ्या बाईंनी टाळ्याही वाजवल्या, मग आजूबाजूला बघून हात पदराखाली घेतले. शेवटच्या दोन मिनिटांत आठवा गोल गेला आणि काकांनी मला उचललं.

जन्मात पहिल्यांदा मी उजेडात टांगलो गेलो. समोर सगळं गाव. मला वाटलं होतं, माणसं निदान खाली मान घालतील. छे! भोंग्याने अर्धी भरलेली पाण्याची बाटली भिरकावली, ती माझ्या तोंडावर बसली. "चाळण!" तो ओरडला. दहा मिनिटांपूर्वी तोंडाचा आ वासून तिचे चार कॉर्नर बघणारा हाच माणूस. एवढा किळसवाणा प्रकार मी पाहिला नाही. तिकडे पलीकडच्या मुली रांग लावून आमच्या गोलकीपरशी हात मिळवत होत्या. त्यांच्या कर्णधाराने तर तिला मिठी मारली. आमच्यापैकी कुणी तिच्या जवळ गेलं नाही.

समितीने माझ्याकडे बोट दाखवून तिला काढलं. सामानाच्या खोलीत ती पॅडचे पट्टे सोडवत होती आणि काका दारात उभे होते.

"मी घात केला गं तुझा," काका म्हणाले.

"नाही हो, बाबा." आणि मग ती एकदम रडायलाच लागली. "पण मला खेळायचं होतं. खूप खेळायचं होतं अजून."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  मी काकांच्या दुसऱ्या हातात होतो. आकडा झालो नसतो, शिलाई मशीनचीच पाटी राहिलो असतो तर फार बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

आता आजचं सांगतो. आज पुन्हा पुलापलीकडच्यांशी सामना आहे. काकांचा गुडघा दुखतो, म्हणून शिडीवर त्यांची मुलगी चढते, काका खालून आकडे देतात. काढून टाकल्यावर ती इकडे फिरकणार नाही असं गाव धरून चाललं होतं. ती आली. गोलमध्ये आज नवीन मुलगी आहे, आणि ती कोण, तर भोंग्याची सख्खी पुतणी. भोंग्यानेच तिचं नाव पुढे केलं होतं. काकांनी एकदा आम्हाला लावलंच म्हटल्यावर समितीनेही आता पाचाची पद्धत सोडून दिल्यासारखं केलंय, निदान काकांपुढे कुणी बोलत नाही. बाकं मात्र पाच झाल्यावर फिरलीच. सवय ती, सहजी कशी जाणार.

पाचव्या गोलानंतर भोंगा बोर्डाकडे आला. आवाज इतका बारीक की मी ओळखलाच नाही.

"ताई, जरा थांबा की पाचावर," तो शिडीवर बघून म्हणाला. "लहान आहे हो ती. सोळा पूर्ण नाहीत. उद्या शाळेत पोरं तिचं जगणं मुश्कील करतील."

ऐकलंत? आता कळवळा आला! दुसऱ्याच्या पोरीला चाळण म्हणताना लाज कुठे गहाण टाकली होती? माझ्या अंगावर काटा आला असता, पण पत्र्याला काटा कुठून येणार? मला वाटलं, ही आता त्याला चांगली फैलावर घेईल. घ्यायलाच हवी होती. मी तर वाट बघत होतो.

तेवढ्यात सहावा गोल गेला. तिने खाली हात केला, काकांनी सहा दिला, तिने लावला. मग भोंग्याकडे वळून म्हणाली, "काका, मघापासून तिने पाच अडवलेत. त्यातला एक तर मलाही जमला नसता. आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून माझ्याशी बोलत बसलात."

भोंगा वळला. नेमका तेव्हाच चेंडू वेगात आला आणि त्या पोरीने गुडघा टेकून तो अडवला. मग तिने झटक्यात मान वर करून बाकांकडे बघितलं. बाकांवर सगळ्या पाठी. शेवटी तिला फक्त तिचा काका, भोंगा दिसला.  एवढ्या मोठ्या गळ्याचा माणूस, नुसता हात वर करून उभा राहिला.

"ओरडा ना," शिडीवरून ही म्हणाली. "आज ओरडायचं असतं, काका. जिंकल्यावर काय, कुणीही ओरडतं."

आणि मग तो ओरडला. "शाब्बास! शाब्बास माझी बाय!" सगळी बाकं दचकली. काही लोक वळून बघायला लागले. काहीच हं, सगळे नाही. माणसं एका दिवसात सुधारतात असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. सेक्रेटरी अजूनही शेंगदाणे सोलत पाठमोरेच बसलेत, आणि त्यांच्या मते आजचा पंचही पलीकडच्यांच्या मावशीचाच आहे.

सातवा गेला. मग आठवा. काकांनी मला उचललं. भोंग्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी मनातल्या मनात तयारी केली, आता येईल बाटली. बाटली आली नाही. तो पुढे झाला आणि त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली, कारण ती जरा डगमगत होती.

"सावकाश हं ताई," तो म्हणाला. खालच्या खाली आणखी काहीतरी बोलला. माफ करा, असं काहीसं होतं. तिने ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिने मला दोन्ही खिळ्यांवर नीट बसवलं आणि शिडीच्या वरच्या पायरीवरच बसून राहिली.

तर मी आत्ता बोर्डावर आहे. तुमच्याशी बोलतोय तो इथूनच. खेळ संपायला अजून सहा मिनिटं आहेत. माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. आम्हाला लपवू नका, एवढंच. आणि आम्ही लागलो की तोंड फिरवून बसू नका, कारण तेव्हाच कुणीतरी जिवाच्या आकांताने अडवत असतं. पटलं तर बघा, नाही पटलं तर खुशाल सोला शेंगदाणे.

आता पुरे. पेनल्टी कॉर्नर मिळालाय त्यांना, ती पोरगी गोलमध्ये हात पसरून उभी आहे, आणि मला बघायचंय.